आधी मुंगीला जाऊन या



तालुक्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणजे शाल घ्यायची, नारळ सांभाळायचा, आपला वारसा थोर आहे असं चार वेळा म्हणायचं आणि जेवणाच्या आधी खाली बसायचं, अशी एक रीत पडून गेली आहे. आयोजकांनी मला विषयही त्या रीतीला साजेसा दिला : मायभूमीचा अभिमान. सकाळपासून या मांडवात अभिमानाच्या बऱ्याच गर्जना झाल्या. मला मात्र भांडायचं आहे. भांडण घरातलं आहे, म्हणून आवाज जरा चढला तर राग मानू नका.

एक प्रश्न विचारतो. मुंगी-शेवगावचा तह किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बरेच हात आहेत, छान. आता ज्यांनी तो फक्त स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये वाचला, त्यांनी हात खाली घ्या. आणि ज्यांनी त्या तहासाठी म्हणून मुंगीला पाय लावला आहे, त्यांनीच वर ठेवा.

पाहिलंत? मोजायची गरज नाही.

६ मार्च १७२८. आपल्या शेवगाव तालुक्याच्या नावानिशी हिंदुस्थानच्या इतिहासात नोंदलेला हा दिवस. निजामाने शाहू महाराजांची चौथ-सरदेशमुखी अडवली होती. छत्रपती खरे कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे आधी ठरू द्या, मग पैसे देऊ, असा त्याचा कावा. घरातलं भांडण शेजाऱ्याने वापरायचं, ही रीत तेव्हाही होती. सत्तावीस वर्षांच्या बाजीरावाने त्याच्या तोफखान्याशी टक्कर घेतलीच नाही. घोडदळ घेऊन तो आज इथे तर उद्या तिथे असा हिंडत राहिला, निजामाला मागे मागे ओढलं आणि वैजापूरजवळ पालखेडला पाण्यावाचून कोंडलं. पाणी तोडलं की भल्याभल्यांना तह करावा लागतो, हे शेवगावकरांना वेगळं सांगायला नको. दक्षिणेतली चौथ-सरदेशमुखी शाहूंचीच, हे निजामाने मान्य केलं, थकलेली बाकी देण्याचं आणि हाकलून दिलेल्या वसुली कामदारांना परत घेण्याचं कबूल केलं. हे सगळं ठरलं गोदावरीच्या या काठी, आपल्या मुंगी गावात.

आता या तहाचा अभिमान आपल्याला केव्हा वाटायला लागला? माँटगोमेरी नावाचा दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनानी. त्याने १९६८ साली युद्धांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि त्यात पालखेडच्या मोहिमेची तारीफ केली. त्यानंतर बाजीरावावरचं एकही भाषण त्याच्या नावाशिवाय पुरं होत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपातही बाजीरावाच्या आधी माँटगोमेरीच येतो. साहेबाने पाठ थोपटली की आपली छाती फुगते, आणि तिला आपण स्वाभिमान म्हणतो! साहेब चूक लिहून गेला असं नव्हे. माझी तक्रार एवढीच, की त्याच्या आधी दोनशे चाळीस वर्षं हा तह आपल्या दारात पडून होता.

अशा अभिमानाची दुसरी जात आहे परतीच्या प्रेमाची. पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला गेलेली आपली मुलं. दिवाळीला येतात, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाताना डोळे भरून येतात, घरी पोचल्यावर मातीच्या आठवणींचा मजकूर टाकतात. त्यांना मी हसत नाही. लांब गेल्यावर गाव गोड लागतं, हे माणसाचं खरं आहे. पण प्रेम तिथेच थांबलं तर ते जिभेचं प्रेम. तुमच्या पोरांना आजोबांच्या गावातला एक शिलालेख, एक जुनी बारव, एखाद्या पिराची, देवाची हकीकत सांगता येते का? तसं नसेल तर पुढच्या पिढीला गाव म्हणजे हॉटेलातल्या ताटाचं नाव उरेल.

लांब गेलेल्याला देश नव्याने सापडणं ही मात्र खरी गोष्ट आहे, आणि तिचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलं. नाव घेतलं की काही कपाळांवर आठ्या येतील, येऊ द्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरूंना अटक झाली आणि नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवलं. हॅरो आणि केंब्रिजमध्ये शिकलेला माणूस. त्याने १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. किल्ल्याच्या अंगणात बागेसाठी माती खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, चांदबिबीची आठवण निघे, हेही त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं आहे. सोबतीला मौलाना आझाद होते, आचार्य नरेंद्र देव होते. आपल्या अकरा सोबत्यांशी झालेल्या बोलण्याचं ऋण नेहरू प्रस्तावनेत मानतात. मौलानांनी त्याच किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. त्यांत चहा आहे आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्याही आहेत. नेहरूंचे निष्कर्ष तुम्हाला पटोत न पटोत, त्यांच्याशी खुशाल भांडा. पण त्यांची रीत बघा. विचारून, वाचून, सोबत्यांशी वाद घालून देश शोधला, आणि त्यात जे कुजलेलं होतं तेही लिहिलं. आपल्याला कोठडी नाही, बंदी नाही, ग्रंथालयाची वर्गणी किरकोळ आहे. अडचण काय आहे?

उत्तर मला ठाऊक आहे. शोधायला गेलं की सोयीचं नसलेलंही सापडतं.

दायमाबाद घ्या. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी. १९७४ साली तिथे बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पं निघाली, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची. सिंधू संस्कृतीचा धागा गोदेच्या खोऱ्यापर्यंत आला की नाही, यावर पंडितांचा वाद त्यांनी पेटवला. ती कुणाला सापडली? छबू लक्ष्मण भिल्ल या माणसाला, झुडपाचं मूळ खणताना. आपल्या प्राचीन वैभवाचा पुरावा ज्याने हाती दिला, त्याच्या जमातीला आपण गावाच्या कडेला ठेवलं होतं. अभिमानाच्या भाषणात शिल्पं येतात, छबू येत नाही. मी मुद्दाम आणतो.

पलीकडे नेवासं. १९५४ पासून हसमुख सांकळियांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मणी ओवलेल्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असल्याचं तपासणीत निघालं. तीन हजार वर्षांपूर्वीचा कापूस! आज शेवगावच्या जिनिंगसमोर ट्रॉली लावून भावाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलं आहे का? मला वाटतं, या मांडवातल्या सगळ्या गर्जनांपेक्षा एवढी एक गोष्ट त्याला जास्त ताठ उभं करील. भाव मात्र त्याने वाढणार नाही, हेही मान्य करून टाकू.

पैठण आणि नेवासं, दोन्हींच्या मधे आपला तालुका. एकीकडे सातवाहनांची राजधानी आणि एकनाथ महाराज, दुसरीकडे १२९० साली ज्ञानेश्वरी जिथे सिद्ध झाली तो खांब. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे आपल्याच जिल्ह्यातले, संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवलेले. सातवाहनांच्या काळातल्या, हाल राजाच्या गाथासप्तशतीपासून पुरावे गोळा करावे लागले. ती माणसं कागद चाळत होती, तेव्हा आपण मराठी शाळेचे वर्ग ओस पडताना बघत होतो. पण याच पैठणची दुसरी आठवणही ठेवा. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी तिथे जावं लागलं, असं परंपराच सांगते. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवण घेतलं म्हणून त्यांना छळणारेही पैठणचेच, हेही तीच सांगते. जमीन वारशाने घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो की नाही? संस्कृतीचा सातबाराही बोज्यासकट नावावर होतो. बोजा फेडायचा असतो. तो खोडून नक्कल काढणारे सध्या फार झाले आहेत.

नगर जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. जामखेडच्या चौंडीची ही लेक, ३१ मे १७२५ चा जन्म. काशीविश्वनाथाचं मंदिर तिने १७८० साली पुन्हा उभं केलं. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि ते बहुतांशी दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, स्वतःच्या खासगीतून. आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर! तिने मातृभूमीवर भाषणं केल्याचं माझ्या वाचनात नाही. डागडुजी केल्याचं जागोजागी आहे. तिच्या जयंतीला डीजे लावून नाचणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, ती आपलीच आहेत. राग आहे तो डीजेची वर्गणी देऊन गावच्या बारवेतला कचरा न काढणाऱ्या आम्हा थोरांवर. निधी मंजूर झाला की बघू म्हणतो. आणि त्याच बारवेवर पूर्वी कुणाला पाणी भरू देत नव्हते, हे विचारलं की गप्प बसतो.

नाथसागराचं राहिलंच. १९७६ साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. त्या पाण्याखाली आपल्या तालुक्यातल्याही जमिनी गेल्या, घरं गेली. देशासाठी त्याग म्हणतात तो या माणसांनी केला. त्यांच्या बुडालेल्या गावांचे नकाशे, जात्यावरच्या ओव्या, देवळांच्या हकिकती कुणी लिहून ठेवल्या? ज्यांनी ती गावं पाहिली, ती माणसं आता सत्तरीपुढे आहेत. साहित्य संमेलनाचं पहिलं काम हे होतं. ते टाकून आपण राष्ट्रप्रेमावरच्या कवितांच्या स्पर्धा घेतल्या. यंदाच्या बक्षीसपात्र कविता मी वाचल्या. एकीत गंगा आहे, हिमालय आहे. ज्या नदीचं पाणी कवी पितो ती गोदावरी नाही.

शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं विधानसभेचे अध्यक्ष होते. गांधीविचाराचा माणूस, संतवाङ्मयात मुरलेला. सभागृहात बसून संतांचा आधार घेता येतो आणि देश म्हणजे इथली माणसं हे विसरावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्या गावात अभिमान कसा बाळगावा याचं शिक्षण बाहेरून आणायला नको.

ठरावांवर माझा विश्वास नाही, म्हणून ठराव मांडत नाही. काम सांगतो. बुडीत गावांतला एकेक म्हातारा, एकेक म्हातारी गाठा. मोबाइल त्यांच्यासमोर ठेवा आणि बोलतं करा. मास्तरांनी वर्गातल्या मुलांना घोटणच्या मल्लिकार्जुनाच्या देवळात न्यावं आणि सेल्फीच्या आधी खांब बघायला लावावेत. आणि येत्या ६ मार्चला मुंगीला चला. हार नको, झेंडा नको, डीजे तर नकोच. तहाची कलमं मराठीत तिथे मोठ्याने वाचू, निजामाची बाजूही वाचू, गावच्या वडीलधाऱ्यांना काय आठवतं ते ऐकून उतरवून घेऊ. सकाळी शेवगावच्या एसटी स्टँडवर जमायचं आणि जेवणाचा डबा ज्याने त्याने घरून आणायचा.