गणवेशाआडचे घर



सैनिकाच्या त्यागाविषयी समाजात पुष्कळ बोलले जाते. त्याच्या घराविषयी फारच थोडे. या घरातील एका मुलीची तक्रार केंद्रस्थानी ठेवणारा एक चित्रपट हा आजच्या चिंतनाचा विषय आहे. डिस्ने चॅनेलने ६ ऑगस्ट २००४ रोजी प्रथम दाखवलेला हा चित्रपट म्हणजे 'टायगर क्रूझ'. दिग्दर्शक डुवेन डनहॅम. आई-वडील आणि मुले यांनी एकत्र बसून पाहावा, अशा बेताने दूरचित्रवाणीसाठीच तो तयार झाला.

नावामागे अमेरिकी नौदलाची एक प्रथा आहे. अनेक महिने सागरात काढून युद्धनौका मायदेशी परतू लागली, की अखेरच्या टप्प्यात नौसैनिकांच्या मुलांना, आई-वडिलांना, भावंडांना नौकेवर बोलावले जाते. या पाहुण्यांना 'टायगर' म्हणतात. आपला माणूस कोठे झोपतो, काय खातो, कोणते काम करतो, हे घरच्यांनी प्रत्यक्ष पाहावे, हा त्यामागील हेतू. सप्टेंबर २००१ मध्ये 'कॉन्स्टलेशन' ही विमानवाहू नौका असेच पाहुणे घेऊन पर्ल हार्बरहून सॅन दिएगोकडे निघाली होती. याच सत्य घटनेवर चित्रपटाचे कथानक उभे आहे.

कथेतील मॅडी डोलन ही किशोरवयीन मुलगी सहलीच्या आनंदाने नौकेवर आलेली नाही. तिचे वडील कमांडर गॅरी डोलन नौकेवरील वरिष्ठ अधिकारी आहेत. त्यांनी नौदल सोडावे आणि कायमचे घरी यावे, हे सांगण्यासाठी ती आली आहे. हेडन पॅनेटियर हिने मुलीची आणि बिल पुलमन यांनी पित्याची भूमिका केली आहे. ज्या घरात वडिलांची जागा बहुतेक काळ रिकामीच राहते, त्या घरातील मुलीचे हे मागणे स्वार्थी म्हणता येईल काय?

आणि प्रवास सुरू असतानाच ११ सप्टेंबर उजाडतो. न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळतात, पेंटॅगॉनवर विमान आदळते, चौथे अपहृत विमान पेनसिल्व्हेनियात पडते. सुमारे ३,००० माणसे प्राणास मुकतात. पाहुण्यांना मायेने मिरवणारी नौका क्षणार्धात युद्धसज्ज होते. १९४१ साली ज्या पर्ल हार्बरवर अकस्मात आघात झाला होता, तेथूनच ती निघालेली असावी, हा योगायोग पाहणाऱ्याच्या मनात सलत राहतो.

चित्रपटाचे खरे बळ यापुढे दिसते. मुलीला गप्प बसवण्यासाठी देशभक्तीचे मोठे भाषण पुरेसे ठरत नाही. ती वडिलांना काम करताना पाहते. शेकडो तरुण त्यांच्या शब्दावर विसंबून आहेत, हे तिला दिसते. जे वडील आपल्यापासून दूर गेले असे तिला वाटत होते, ते कोणासाठी दूर राहतात, हे तिला उमगते आणि आपली मागणी ती स्वतःच मागे घेते. आज्ञेने लादलेला त्याग आणि समजून स्वीकारलेला त्याग यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

तथापि, चित्रपट जेथे थांबतो, तेथे सैनिकांच्या घरांची परीक्षा थांबली नाही. ७ ऑक्टोबर २००१ रोजी अफगाणिस्तानात सुरू झालेले युद्ध ऑगस्ट २०२१ पर्यंत चालले. स्वतः 'कॉन्स्टलेशन' २००३ मध्ये इराक युद्धासाठी पुन्हा आखातात गेली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेवानिवृत्त झाली. पडद्यावर ती घरी परतताना दिसली, तेव्हा तिचे सेवापर्व संपून वर्ष होत आले होते.

अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची सैन्यभरती नाही. त्यामुळे युद्धाचा भार थोड्याच कुटुंबांच्या खांद्यावर येतो. पहिल्या महायुद्धापासून तेथे ज्या घरातील व्यक्ती युद्धकाळात सेनेत असेल, त्या घराच्या खिडकीत निळ्या तारकेचा ध्वज लावण्याची रीत आहे. ती व्यक्ती कामी आली, तर निळ्याच्या जागी सोनेरी तारका येते. रस्त्याने जाणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते, की या घराने राष्ट्राला काय दिले आहे.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. साताऱ्याजवळील अपशिंगे गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' हा शब्द लागला आहे. पिढ्यानपिढ्या तेथील घरांतून मुले सैन्यात जातात आणि मागे राहिलेल्या आया, पत्नी, लेकरे शेत, शाळा, आजारपण आणि सणवार एकट्याने निभावतात. १९९९ च्या कारगिल युद्धात तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या गावोगावी आल्या, तेव्हा सारा देश त्या घरांसमोर नतमस्तक झाला. परंतु पुढच्या दिवाळीत त्यांच्या दारी कितीजण गेले?

संकटाच्या दिवशी ओसंडणारी कृतज्ञता खोटी नसते; ती अल्पायुषी असते, एवढेच. मुलाच्या प्रवेशासाठी, पेन्शनच्या कागदासाठी, रुग्णालयातील एका रात्रीच्या सोबतीसाठी सैनिकाच्या पत्नीला शेजाऱ्याचे दार वाजवावे लागू नये, शेजाऱ्यानेच आधी तिच्या दारी जावे. मॅडीने आपली तक्रार मागे घेतली; पण तिने जे सोडले, त्याची भरपाई करण्याचे दायित्व समाजावर आले. सीमेवर रणदुंदुभी वाजत नसतानाही जो समाज हे दायित्व स्मरतो, त्याच्या सैनिकाला घराची चिंता वाहत सीमेवर उभे राहावे लागत नाही.