न पाहिलेली सोयरीक

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आपण घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला जातो. तेव्हा काय करतो? दात पाहतो. धार काढून पाहतो. कुठली, कोणाची, हे विचारतो. मगच खिशात हात घालतो. सोयरीक जमवताना तर चार गावे पालथी घालतो. घराणे कसे, जमीन किती, मुलाला व्यसन आहे का, सारे विचारतो. मग हातात मोबाइल आला की ही चौकशी कुठं जाते? आज त्याविषयी चार शब्द सांगतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. तो म्हणाला, "सर, वर्गात सांगा, नाव तेवढं घेऊ नका." म्हणून सांगतो. मुलगा कष्टाळू. दोन एकर कांदा. वय ३६, पण लग्न जमत नव्हते. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला आज कोणी लवकर तयार होत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्याला फेसबुकवर एका बाईचा निरोप आला. लंडनला नर्स आहे, म्हणाली. सकाळी विचारी, "चहा झाला का?" रात्री विचारी, "जेवलात का?" त्याला असे विचारणारे दुसरे कोणी नव्हते. पंधरा दिवसांत लग्नाची बोलणी झाली. तोंड दाखव म्हटले, की तिचा कॅमेरा बिघडलेला असे.

मग ती म्हणाली, "तुमच्यासाठी दागिने आणि पौंड पाठवलेत." दोन दिवसांनी फोन आला. "दिल्ली विमानतळावरून, कस्टममधून बोलतोय. पार्सल अडकलंय. ३५ हजार भरा." त्याने भरले. पुढे दंड म्हणून ८० हजार मागितले. कांद्याची पट्टी आली होती, ती त्यात गेली.

एके रात्री तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "सर, कस्टमचा कर किती असतो?" आम्ही सारे विचारून घेतले आणि, खरे सांगतो, रागावलो. "एवढं शिकवलं, आणि असा कसा फसलास?" तो मान खाली घालून उठला. तीन आठवडे फिरकला नाही. तेवढ्यात चोरांनी आणखी पैसे काढले. पोलिसांत गेलो तेव्हा उशीर झाला होता. चूक त्याची, तशी आमचीही. त्या रात्री त्याला बोल नको होते, सोबत हवी होती.

अडाणीच फसतात असे समजू नका. मुंबईत ८० वर्षांच्या एका गृहस्थांना फेसबुकवरच्या ओळखीतून असेच लुबाडले. एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात त्यांनी ७३४ वेळा पैसे पाठवले. जवळजवळ ९ कोटी रुपये गेले. सुनेकडून उसने घेऊन झाले, मुलाकडे मागायची वेळ आली, तेव्हा घरात कळले.

मग भामटा ओळखावा कसा? तो फार लवकर प्रेमात पडतो. भेटायचे टाळतो. "कुणाला सांगू नका" म्हणतो. आणि शेवटी पैसे मागतो. कारण काहीही असेल. पार्सल, आजारपण, तिकीट, दामदुप्पट नफा. बायकांनाही असेच फसवतात. तिथे फोटो डॉक्टरचा, नाहीतर सैन्यातल्या अधिकाऱ्याचा असतो. कोणी व्हिडिओवर कपडे उतरवायला लावतो आणि ते चित्र नातेवाइकांना दाखवीन म्हणून धमकावतो. त्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणे वाढते.

आणि हे पक्के ध्यानात ठेवा. सरकारी कर कोणा माणसाच्या खाजगी खात्यात भरायचा नसतो. तसा फोन आला तर तो चोराचा.

पैसे गेलेच तर काय करावे? त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करा. बँकेलाही कळवा. पैसे पुढे काढले गेले नसतील, तर ते अडवता येतात. म्हणून वेळ मोलाची. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा. आलेले निरोप पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. अहिल्यानगरला सायबर पोलीस ठाणेही आहे. खोटे नाव सांगून मोबाइलवर फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६-डी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

तेव्हा दोनच गोष्टी करा. ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही, ज्याचे घर पाहिले नाही, त्याला एक रुपया पाठवू नका. आणि कोणी फसून तुमच्या दारी आला, तर हसू नका, रागावू नका. आधी पाणी द्या, मग फोन लावा. लाज चोराला वाटावी. फसलेल्याने का लपावे?

आज घरी गेल्यावर भिंतीवर खडूने १९३० हा आकडा लिहा. आता तो तुम्हाला लिहिता येतो.