दगडावरील नांवें



पुण्यास जाणें झालें तर एखादी सकाळ काढून खडकीचें युद्ध-दफनस्थान अवश्य पाहावें. आमच्या राजूरच्या कोळशाच्या खाणींपासून तें फार दूर. तरी मी मुद्दाम जाऊन आलों. दुसऱ्या महायुद्धांत निधन पावलेल्या सुमारें १,६५० सैनिकांना तेथें विश्रांति मिळाली आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत ज्या ठिकाणीं थडग्यांची कायमची निगा राखणें शक्य नव्हतें, तेथून हे देह आणण्यांत आले. पुढें मार्च १९६२ मध्यें मुंबईच्या शिवडींतून पहिल्या महायुद्धांतील ६२९ जणांचे अवशेषहि येथें आले.

शिपाई असो वा अंमलदार, शिळा एकाच मापाची. तीवर नांव, पलटण व मृत्यूची तारीख. १९१७ सालीं स्थापन झालेल्या युद्धसमाधि-आयोगाचें तत्त्वच असें कीं, मेलेल्यांत दर्जाचा वा जातिधर्माचा भेद नसावा.

परंतु १९२९ सालीं उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर काय झालें? पुणें डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत पडलें. त्या स्मारकावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं, आणि हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या! मीं तीस वर्षें हजेरीपट घेतला. नांवें वगळून 'मुलें एकेचाळीस' एवढेंच लिहिलें असतें, तर तपासनीसानें मला वर्गांत उभें राहूं दिलें नसतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं ही रीत बदललेली दिसते. माणगांव तालुक्यांतील नायक यशवंत घाडगे ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले व तेथेंच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधि मात्र नाहीं. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव आहे.

आयोगानें २०२१ सालीं या भेदभावाची जाहीर क्षमा मागितली. सुमारें ४५ ते ५४ हजार सैनिकांचें स्मरण असें विषमतेनें झालें, असा त्याच्याच अहवालाचा अंदाज आहे. क्षमा उशिरां आली, हें खरें. आतां आयोगाची सूची कोणासहि घरबसल्या पाहतां येते. आपल्या घराण्यांतील कोणी लढाईवरून परतला नसेल, तर तींत त्याचें नांव व पलटण घालून शोध घ्यावा. हिंदी शिपायांच्या नोंदींत पुष्कळदां बापाचें नांव, गांव व जिल्हाहि दिलेला असतो.