न लिहिलेल्या अटी

सॉफ्टवेअरचे भाग आपोआप जोडणे या आपल्या विषयावर चार शब्द बोलण्याची मुभा स्वागताध्यक्षाला परंपरेने असते, ती मी घेतो.

सॉफ्टवेअरचे सुटे भाग घाऊक तयार व्हावेत, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश येथे मांडली. आज भाग ढिगाने मिळतात, पण जुळत नाहीत. मध्ये अडॅप्टर, म्हणजे दोन भाग जुळवणारा दुवा, लागतो आणि तो यंत्रानेच लिहावा असा आपला प्रयत्न आहे. कशाचा कशाशी संबंध एवढे माणसाने सांगितले आणि दोन्ही बाजूंचे प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांच्या देवाणघेवाणीचे नियम, नीट मांडलेले असले, तर निरोपांचा क्रम वेगळा असूनही मधला दुवा बऱ्याच अंशी आपोआप काढता येतो, हे येलिन आणि स्ट्रॉम यांनी १९९७ मध्ये दाखवले. पण या यशातच मर्यादाही दिसते. जे मांडलेले नाही, ते यंत्र जुळवणार कसे?

यावर कोणी म्हणेल, मांडायची गरजच काय? भाग आजवर कसा वापरला गेला, त्यावरून यंत्र शिकेल. या आशेला ४ जून १९९६ चे एरियान-५ रॉकेटचे पहिले उड्डाण आडवे येते. एरियान-४ वर बिनतक्रार चाललेला कोड तिथे पुन्हा वापरला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक, त्यामुळे ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यान चाळीसेक सेकंदांतच नष्ट झाले. त्या संख्येला संरक्षण न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, पण त्याचे कारण कोडमध्ये कुठेच नव्हते. जुना वापर कितीही अभ्यासला असता, तरी त्यात फक्त यशच सापडले असते.

मग सगळे लिहून ठेवा म्हणावे, तर तेही पुरत नाही. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अवकाशयान गमावले, तेव्हा आकडे मेट्रिक एककांत हवेत हे कागदोपत्री नोंदलेलेच होते. एका प्रोग्रामने ते पाउंड-सेकंदांत दिले. नोंद माणसांसाठी होती, तपासणारे यंत्र मध्ये नव्हते. अशा अटी लिहिणे खर्चाचे आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण एकके, मर्यादा आणि क्रम एवढे यंत्राला वाचता येईल असे लिहायला फार लागत नाही. बाकीच्या अटींबाबत अंदाजाने जोडण्याऐवजी यंत्राची थांबायची तयारी हवी.

म्हणून वक्त्यांना विनंती, आपल्या साधनाने किती जोडण्या केल्या ते सांगताना कुठे जोडायला नकार दिला, तेही सांगा. मला त्या दुसऱ्या आकड्यातच अधिक रस आहे.