पाणी जातं कुठं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘मिस्त्री, गाडी पाणी पितीय’ अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक आमच्या गॅरेजात आठवड्याला एखादं तरी असतंच. बैल पाणी पितो तशी गाडीही पीत असावी, आणि जुनी झाली की जरा जास्त पीत असावी, असा त्या बोलण्याचा सूर असतो. गाडी पाणी पीत नाही. रेडिएटर, इंजिन आणि त्यांना जोडणारे होज पाइप मिळून एक बंद फेरा असतो आणि त्यातलं पाणी महिनोन्‌महिने तेच ते फिरत राहायचं असतं. ते कमी होत असेल, तर कुठून तरी बाहेर पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर पडायच्या वाटा तीनच. बाहेर गळणं, सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन सायलेन्सरवाटे जाणं, नाही तर इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळणं. तिन्हींपैकी कोणती वाट, हे शोधण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं.

आता तुम्ही म्हणाल, थोडं पाणी गेलं तर बिघडलं काय? वरून ओतलं की झालं. तसं नाही. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातला फार तर तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामी येतो. बाकीची धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. म्हणून इंजिनातलं पाणी नव्वद-पंच्याण्णव अंशांच्या घरात कायमच असतं, म्हणजे उकळीच्या अगदी उंबऱ्यावर. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५ च्या आसपासच उकळतं. मग चढावर गाडी उकळत का नाही? तर रेडिएटरच्या झाकणामुळं. त्या झाकणाला स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. झाकणावर बहुधा ०.९ असा आकडा लिहिलेला असतो. एवढा दाब धरला, की आतलं पाणी ११५ अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. गळती झाली की दाब राहत नाही, आणि मग रेडिएटर जवळपास भरलेला असूनही गाडी घाटात उकळते. कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही, तसाच हा प्रकार.

याच कारणानं तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उसळून वर येतं. तोंड आणि छाती भाजलेले ड्रायव्हर मी पाहिलेले आहेत. ओलं फडकं टाकून उघडतो म्हणणारेही त्यांत होते. वरचा होज उघड्या हातात निवांत धरता येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडं नव्या पोराला शिकवायचा पहिला धडा.

मला आज ज्या गाडीबद्दल सांगायचं आहे, ती एक ओम्नी. मारुतीची व्हॅन म्हणून १९८४ साली आली, पुढं ओम्नी म्हणून ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शाळेची मुलं, दूध, भाजी, मंडपाचं सामान आणि आजारी माणसं या गाडीनं किती वाहिली असतील, हिशेब नाही. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायची आणि काम करायचं. रेडिएटर मात्र पुढं असतो, त्यामुळं पाण्याचा प्रवास लांबचा आणि जोड जास्त.

ही गाडी होती एका निवृत्त गुरुजींची, २००४ सालची. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात ते राहतात. त्यांच्या पत्नीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी कोल्हापूरला आणावं लागायचं. जायचे चाळीस किलोमीटर, यायचे चाळीस. एस.टी.नं आणून पाहिलं, पण डायलिसिस झाल्यावर बाईंना उभंसुद्धा राहवत नसे. व्हॅनमध्ये मागं गादी टाकून आडवं होता यायचं, म्हणून ती गाडी. मंगळवारी संध्याकाळी परत जाताना गुरुजी माझ्याकडं थांबले. गाडी दर फेरीला पाणी कमी करत होती. दुसरीकडं एके ठिकाणी दाखवल्यावर, ‘बाहेर कुठं गळत नाही, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, पाच-सहा दिवस गाडी ठेवा’ असं सांगितलं गेलं होतं. खर्चाचा आकडा गुरुजींच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. आणि पाच-सहा दिवस गाडी ठेवायची, तर शुक्रवारचं काय?

मी म्हटलं, ‘गुरुजी, उद्या सकाळी गाडी सोडा. गुरुवारी रात्रीपर्यंत काय ते सांगतो.’

आमच्या धंद्यात हेड उतरवा म्हणणं सोपं असतं. बाहेर थेंब दिसत नाही म्हणजे पाणी आतच जातंय, हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, तो वरच्या वर वाळतो. थेंब दिसत नाही याचा अर्थ तेवढाच.

गुरुजींनी मला सगळ्यांत मोठी मदत केली ती त्यांच्या डायरीनं. हाडाचा शिक्षक! किती किलोमीटर गाडी चालली, सकाळी गार असताना किती पाणी घातलं, ते पेल्याच्या मापानं दीड महिना लिहून ठेवलेलं. ती डायरी मी चहा गार होईस्तोवर वाचली. कोल्हापूरची फेरी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी अडीच-तीन पेले पाणी कमी. मधले दिवस गाडी दारात उभी, तेव्हा काहीच कमी नाही. बाजाराला पाच किलोमीटर जाऊन आली, तेव्हाही नाही. म्हणजे गाडी चांगली तापून दाब भरल्याशिवाय पाणी जात नव्हतं. गाडीला हात लावण्याआधीच निम्मं कोडं सुटलं.

बुधवारी सकाळी गाडी गार असताना आधी हेडचा संशय मिटवला. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी गेलं, की ते दुधाच्या चहासारखं होतं. इथं स्वच्छ. तिन्ही स्पार्क प्लग काढले. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असलं, तर वाफेनं तो प्लग धुतल्यासारखा निघतो आणि बाकीचे काळपट राहतात. इथं तिन्ही सारख्या रंगाचे. झाकण काढून गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या तोंडाशी पाहत बसलो. गॅस्केटमधून गॅस पाण्यात येत असेल, तर बुडबुडे थांबत नाहीत. दोन-चार आले आणि थांबले. तेव्हा हेडला मी मनातल्या मनात सोडून दिलं.

मग प्रेशर टेस्टर लावला. हा एक साधा हातपंप असतो, त्याला गेज असतं. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा आणि गार गाडीतच तेवढा दाब भरायचा. काटा ०.९ वर नेऊन ठेवला. पंधरा मिनिटांत तो जरासा खाली आला. जरासाच, पण आला. झाकण वेगळं तपासलं, ते चांगलं होतं. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं. तेही कोरडं. होज सगळे नवे दिसत होते. आरसा आणि बॅटरी घेऊन पोरगा गाडीखाली अर्धा तास पडला, त्याला काही सापडलं नाही.

अडचण अशी होती, की गुरुजी बोअरचं साधं पाणी घालत होते. साध्या पाण्याला रंग नाही, वास नाही. फार तर क्षाराचा पांढरा माग राहतो, आणि त्यावर आमच्या रस्त्यांची तांबडी माती बसली की तोही जातो. म्हणून आधी सगळं खालून धुऊन घेतलं. रेडिएटर रिकामा केला, तर पिवळा गाळ निघाला. विचारलं, तर हळद! रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही जुनी युक्ती ड्रायव्हर लोकांमध्ये अजून आहे. हळद फुगते आणि बारीक भोकात बसते, हे खरं. रात्री आडरानात अडकलात तर घर गाठायला टाका, माझी हरकत नाही. पण ती भोक आणि रेडिएटरची नळी यांत फरक करत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही तीच बुजवते.

सगळं दोनदा धुऊन मी हिरवं कूलंट भरलं. मग घरून आणलेल्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या काढल्या आणि होजचा प्रत्येक जोड, पंप, जिथं जिथं हात पोचेल तिथं एकेक पट्टी बांधली. पंख्यात किंवा बेल्टमध्ये अडकणार नाही, एवढं पाहिलं. आणि गाडी काढली पन्हाळ्याला. वीस किलोमीटर, शेवटी चांगला चढ. वर जाऊन, न थांबता परत आलो. सीट उचलून एकेक पट्टी सोडली. सगळ्या धुळीनं मळलेल्या, पण कोरड्या. इंजिनाच्या कडेनं जाणाऱ्या लोखंडी पाइपावर होज जिथं चढतो, तिथली एक पट्टी तेवढी काठाला हिरवी झाली होती. रुपयाएवढा डाग असेल.

तो होज नवा होता, म्हणून तर त्याच्यावर कुणाचाच संशय गेला नव्हता. ज्यानं बसवला त्यानं होज बदलला, पण ज्या पाइपावर तो चढवायचा, त्याचं टोक पाहिलं नाही. होज काढला तर आतलं लोखंड किडक्या दातासारखं झालेलं. खड्डे पडलेले आणि एका ठिकाणी टाचणीएवढं भोक. गार असताना रबर ते भोक दाबून धरत होतं. गाडी तापली, दाब चढला, की पाणी रबर आणि लोखंड यांच्या मधून झिरपायचं, पाइपावरून ओघळत तापलेल्या इंजिनावर जायचं आणि वाळायचं. गळती थांबत नाही म्हणून कुणी तरी क्लिप इतकी आवळली होती, की नवं रबर कापत आलं होतं. पाइपाचा यात दोष नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्यावर लोखंड दुसरं काय करणार?

गुरुवारी सकाळी उद्यमनगरात पाइप मिळाला. नाही मिळाला तर लेथवर करून घ्यायचा, अशी तयारी ठेवली होती. उद्यमनगरात ते काम अडत नाही. पाइप, त्याची रबरी रिंग, होज, क्लिपा आणि कूलंट मिळून जे बिल झालं, ते हेडच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाएवढंही नव्हतं. नंतरचं काम कंटाळवाणं, पण महत्त्वाचं. लांब पाइपांत हवा अडकते आणि हवेचा फुगा इंजिनात गेला की तेवढी जागा तापते. गाडीचं तोंड चढावर करून, झाकण उघडं ठेवून, थंड्या इंजिनापासून सुरुवात करून ती हवा काढावी लागते. संध्याकाळी पुन्हा टेस्टर लावला. अर्धा तास काटा हलला नाही. शुक्रवारी पहाटे गुरुजी बाईंना घेऊन वेळेवर निघाले.

कूलंटबद्दल दोन शब्द. पुष्कळांना वाटतं ते थंड प्रदेशासाठी असतं, आपल्याकडं कशाला? पाणी गोठू नये हे त्याचं एक काम. उकळबिंदू थोडा वाढवणं हे दुसरं. आपल्या दृष्टीनं तिसरं काम मोठं, ते म्हणजे गंज रोखणं. ते बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचं, नळाच्या किंवा बोअरच्या नाही. निम्मं-निम्मं प्रमाण साधारण चालतं. तयार मिसळलेलं मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून ऐका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते भरून घरात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधी करू नका. गळून साचलेलं असेल तर कुत्री-मांजरं चाटतात, ते धुऊन टाका.

रस्त्यात गाडी तापली, तर पहिल्यांदा एसी बंद करा आणि बाजूला घ्या. हीटर असेल, तर थांबेपर्यंत तो पूर्ण सोडा. उकाडा सोसा, पण तेवढी उष्णता बाहेर जाते. इंजिन बंद करा. पाऊण तास तरी झाकणाला हात नाही. तापलेल्या रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि काट्यावर पूर्ण विसंबू नका. पाणी फारच कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली उतरलेला दिसतो. चढावर तापत आलेला काटा एकाएकी उतरला, तर गाडी निवली असं समजून पुढं जाऊ नका. तिथंच थांबा आणि सीट उचलून, हात न लावता, आधी नुसतं बघा.