विजेचा एकच दुकानदार

सांगलीच्या पेठेंत हळदीच्या सौद्याला चार खरेदीदार अधिक जमले, कीं शेतकऱ्याचें फावतें. हाच न्याय विजेला लावावा, तर खांब आडवा येतो! एकाच गल्लींत दोन कंपन्यांनीं वेगवेगळे खांब रोवले, तर तो दुहेरी खर्च अखेर ग्राहकाच्याच माथीं बसावयाचा.

२००३ च्या वीज कायद्यानें एकाच क्षेत्रांत अनेक परवानेदारांस मुभा दिली, हें खरें. मुंबईंत टाटा कंपनीस घरगुती ग्राहकांसही वीज विकण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. पुढें जुन्या कंपनीच्याच तारांवरून, तारांचें भाडें भरून, टाटांची वीज घेण्याची वाट नियामक आयोगानें मोकळी केली.

साताऱ्याच्या गृहस्थास मात्र ही निवड नाहीं. कोयनेचें धरण त्याच्या जिल्ह्यांत, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत; तरी बिल येतें तें एकट्या महावितरणचें. मोठा कारखानदार दुसरीकडून वीज आणूं शकतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडानें काय करावें?

त्याचा वाली म्हणजे १९९९ सालीं स्थापन झालेला राज्य वीज नियामक आयोग. कंपनीस त्याच्यापुढें हिशेब मांडावा लागतो, आणि लोकांच्या हरकती विचारांत घेतल्यावांचून आयोगास दर ठरवितां येत नाहींत. परंतु आंकड्यांचे ते जाडजूड ग्रंथ वाचतो कोण? कारखानदारांचे वकील वाचतात. घरोघरीं ओरड होते ती बिल हातीं पडल्यावर, म्हणजे सुनावणीची मुदत उलटून गेल्यावर. वास्तविक हरकत घेण्यास वकील लागत नाहीं.