संगणकाचे दप्तर



संगणकाविषयी बोलताना त्याच्या वेगाचेच कौतुक सहसा होते. परंतु विजेची देयके, विम्याचे हप्ते, बँकेची खाती अशा कामांत आकडेमोड थोडीच असते. खरा भार असतो तो माहिती सांभाळण्याचा. लक्षावधी नोंदींतून हवी ती नोंद हव्या त्या वेळी हाती यावी, ती चुकून पुसली जाऊ नये, हे काम अभिलेख कक्षातील कारकुनाचेच होय. मोठ्या कचेऱ्यांतील मेनफ्रेम संगणक ते कसे पार पाडतो, हे दप्तराशी रोजचा संबंध असणाऱ्यांस समजणे मुळीच कठीण नाही.

आरंभी माहिती कार्डांवर छिद्रे पाडून साठवीत. मग चुंबकीय फीत आली. अर्धा इंच रुंद आणि रिळावर सुमारे २,४०० फूट गुंडाळलेली. मधली एक नोंद हवी असली तरी आधीची सारी फीत उलगडावी लागे. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक हे यंत्र आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असून त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. रुमाल सोडून कागद चाळीत बसण्याऐवजी नेमक्या कागदावर बोट ठेवावे, तशी ही सोय झाली.

साधने वाढली तसा नवा प्रश्न उभा राहिला. कोणती माहिती कोणत्या यंत्रावर आहे, हे आज्ञावलीतच लिहून ठेवले, तर ते यंत्र नादुरुस्त होताच आज्ञावली बदलणे आले. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही संगणकमाला जाहीर केली. तिच्या कार्यप्रणालीत यावर उपाय योजला होता. आज्ञावली माहितीसंचाला केवळ एका छोट्या नावाने हाक मारते. तो संच कोणता, कोणत्या फितीवर वा तबकडीवर आहे आणि त्याला किती जागा लागेल, हा तपशील सोबतच्या वेगळ्या कार्डावर असतो. प्रत्येक फितीला व तबकडीला सहा अक्षरांचा क्रमांक दिलेला असतो. एकदा संच मध्यवर्ती सूचीत नोंदविला, की पुढे नावावरून सूचीच त्याचा ठावठिकाणा सांगते.

त्याच कार्डावरील एक कलम विशेष विचार करण्याजोगे आहे. त्यात तीन गोष्टी सांगावयाच्या असतात. संच नवा आहे की जुना, काम यशस्वी झाल्यास त्याचे काय करावे, आणि काम मध्येच बंद पडल्यास काय करावे. (कचेरीतील टिप्पणीत हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो!) तिसरे उत्तर कोरे सोडले, तर दुसरेच उत्तर त्यालाही लागू होते. मग अर्धवट लिहिलेला नवा संचही पूर्ण झाल्याप्रमाणे सूचीत दाखल होतो आणि पुढचे काम त्यावर विसंबून चालू लागते. जुना संच वापरताना तो इतरांसही वाचू द्यावयाचा की काम संपेपर्यंत एकट्याच्याच ताब्यात ठेवावयाचा, हेही येथेच ठरते.

फितींच्या जतनाची एक जुनी रीत आजोबा, बाप आणि मुलगा या नावाने ओळखली जाते. आजची खातेवही म्हणजे मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा. आजची फीत खराब झाली तर कालची खातेवही आणि आजचे व्यवहार घेऊन ती पुन्हा तयार करता येते. रिळाच्या मागील खाचेत प्लास्टिकचे एक कडे बसवीत. कडे काढले की त्या फितीवर काहीच लिहिता येत नसे. इतकी साधी वस्तू, पण तिने कितीतरी संच वाचविले असतील.

पुढे, १९८८ च्या सुमारास, प्रत्येक संचाचा वर्ग ठरवून त्याप्रमाणे त्याची व्यवस्था यंत्रानेच लावावी अशी प्रणाली आली. आपल्या कचेऱ्यांत अ, ब, क, ड असे अभिलेखांचे वर्ग असतात, तोच हा विचार. बरेच दिवस न वापरलेला संच महागड्या तबकडीवरून उचलून प्रथम आकसून ठेवला जातो, नंतर फितीवर जातो. सूचीत जागेऐवजी तो स्थलांतरित झाल्याचा शेरा पडतो आणि कोणी मागणी करताच तो आपोआप परत आणला जातो. नियम मात्र माणसांनीच घालून द्यावे लागतात.

मुदतीचे तसेच. मुदत संपलेली फीत कोरी समजून पुन्हा वापरास निघते. जी फीत कधीच पुसावयाची नाही, तिच्यावर अनेक ठिकाणी ९९३६५ हा आकडा घालीत; म्हणजे ९९ सालचा ३६५ वा दिवस. तो दिवस कधी उजाडणारच नाही, असे जणू सर्वांनी धरले होते. १९९९ साल जवळ येताच कायमच्या म्हणून ठेवलेल्या फितींची मुदत खरोखरच संपण्याची वेळ आली, आणि कर्मचाऱ्यांना असे संच शोधून काढावे लागले.

फितीवर योग्य शेरा नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण संगणक कक्षाबाहेरचे आहे, पण फितींचेच आहे. जुलै १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा तेथून आलेले मूळ चित्रण दूरमापनाच्या चुंबकीय फितींवर नोंदले गेले होते. पुढे त्यांचा शोध सुरू झाला. त्या इतर फितींसमवेत पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. सुधारून प्रसिद्ध केलेले चित्रण दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या उपलब्ध प्रतींवरून तयार केलेले आहे.